कोयता लागल्यावर: गळू की सेल्युलायटिस?
वाळवा-कराड पट्ट्यात ऊसतोडीला पोटरीवर कोयता लागला आणि जखम चिघळली, की बहुधा दोनपैकी एक होतं.

स्टॅफिलोकॉकस हा जंतू शिरला तर गळू. पांढऱ्या पेशी जमतात, भोवती फायब्रिनची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची) भिंत उभी राहते, पू आत कोंडतो. ठणका भयंकर, पण सूज जागच्या जागी. भिंतीआड औषध नीट पोचत नाही, म्हणून डॉक्टरांकडून चीर देऊन पू काढावा लागतो. घरी पिळू नका; भिंत फुटते, जंतू खोल ढकलले जातात.

स्ट्रेप्टोकॉकस हा दुसरा जंतू जास्त लबाड. तो स्ट्रेप्टोकायनेज हे रसायन सोडून ती भिंतच विरघळवतो. पू नाही, नुसती लाली पसरते; हाच सेल्युलायटिस. इथे अँटिबायोटिकच हवं. लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारा. लाली बाहेर गेली, जांघेकडे लाल पट्टा चढला, तर त्याच दिवशी दवाखाना. हुडहुडी भरून माणूस बरळू लागला किंवा श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त झाला, तर थेट सिव्हिल गाठा.