घरी लाँगबोर्ड बनवताना : फोम, थर्माकोल की पोकळ लाकूड?

नऊ फूट किंवा त्याहून अधिक लांबी, बावीस-तेवीस इंच रुंदी, मधोमध सुमारे तीन इंच जाडी आणि गोलसर नाक असलेला सर्फबोर्ड म्हणजे लाँगबोर्ड. पहिला बोर्ड स्वतःच्या हाताने बनवू पाहणाऱ्याला हाच प्रकार सुचवला जातो, आणि त्यामागे चांगले कारण आहे. आखूड बोर्डावर कडेच्या गोलाईत किंवा शेपटाच्या उचलीत झालेली (म्हणजे टोक वर वळण्यात) लहानशी चूक पाण्यात लगेच जाणवते. लाँगबोर्ड तशा बऱ्याच चुका पोटात घालतो. मात्र हे औदार्य आकार देण्यापुरतेच असते. फायबरग्लासचे कापड अंथरून त्यावर रेझिन (घट्ट होत जाणारा द्रव) ओतण्याची वेळ आली की तोच मोठा आकार अंगावर येतो, कारण एका बाजूचे सव्वा चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळ आणि दोन्ही कडांची मिळून अठरा फुटांहून अधिक लांबी रेझिन घट्ट होण्याच्या आत भिजवून, निथळून आणि दुमडून पूर्ण करायची असते. त्यामुळे गाभा कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर मी रेझिनच्या बाजूने शोधू लागतो.

मुख्य पर्याय तीन आहेत. पहिला, पॉलियुरेथेन फोमचा तयार ठोकळा, ज्याला ब्लँक म्हणतात, आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन. दुसरा, थर्माकोलचा गाभा आणि त्यावर इपॉक्सी हे दुसरे रेझिन. तिसरा, आत सांगाडा असलेला पोकळ लाकडी बोर्ड. गाभा आणि रेझिन यांच्या या जोड्या केवळ रिवाजाने जुळलेल्या नाहीत. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन थर्माकोल विरघळवते, म्हणून थर्माकोलवर इपॉक्सीला पर्याय नाही. पॉलियुरेथेनवर मात्र दोन्ही रेझिने चालतात. पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी या चौथ्या जोडीविषयी फारसे बोलले जात नाही, पण माझ्या मते नवख्यासाठी तीच सर्वांत सोयीची आहे.

पहिल्या जोडीचे वर्चस्व इतके दीर्घ का टिकले, याला इतिहास आहे. कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी 1958 च्या सुमारास बाल्सा लाकडाच्या जागी पॉलियुरेथेन फोम आणला, आणि पुढे क्लार्क यांची कंपनी अमेरिकेतील बहुतांश ब्लँक पुरवू लागली. 5 डिसेंबर 2005 रोजी ती अचानक बंद झाली, तेव्हा अनेक कारागिरांना नाइलाजाने थर्माकोल आणि इपॉक्सी हाताळून पाहावे लागले. तोवर जमलेल्या साऱ्या युक्त्या, हत्यारे आणि हाताच्या सवयी पॉलियुरेथेनच्या होत्या. आजही शिकवणाऱ्यांच्या बोलण्यात त्याच डोकावतात.

आकार देणे

पॉलियुरेथेनचा ब्लँक साच्यातून निघतो, त्यामुळे नाकाची आणि शेपटाची उचल त्यात बरीचशी तयार असते आणि मधोमध स्ट्रिंगरची लाकडी पट्टी बसवलेली असते. अर्ध्या बोर्डाचा पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा नमुना या पट्टीला लावून दोन्ही बाजू आखायच्या, करवतीने कापायच्या, विजेच्या रंध्याने जाडी उतरवायची आणि मग किसणीसारखे पाते असलेल्या सर्फॉर्मने कडा घडवायच्या, असा क्रम असतो. फोम खडूसारखा झिजतो. पाते किंचित बोथट असले तरी तो सांभाळून घेतो. स्ट्रिंगर मात्र फोमपेक्षा कितीतरी कठीण असल्याने पॉलिश पेपर त्याच्या दोन्ही बाजूंना चर पाडतो आणि पट्टी उंच राहते. ती छोट्या रंध्याने वेगळी उतरवावी लागते.

थर्माकोलमध्ये उचल स्वतःच ठरवावी लागते, कारण बहुधा सरळ ठोकळा घेऊन तो तापलेल्या तारेने कापला जातो. तारेच्या दोन्ही टोकांचा वेग सारखा राहिला नाही की पृष्ठभागावर लाटा उमटतात. रंधा बोथट असेल तर दाणेच्या दाणे उपटले जातात, आणि ते खड्डे हलक्या लुकणाने भरून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तसेच सोडले तर प्रत्येक खड्डा इपॉक्सी पिऊन बसतो आणि थर्माकोलचा हलकेपणा तिथेच संपतो.

लाकडी बोर्डाची गोष्टच निराळी. फोमचा बोर्ड कोरला जातो, लाकडी बोर्ड नावेसारखा बांधला जातो. टॉम ब्लेक यांना 1932 मध्ये पोकळ बोर्डाचे पेटंट मिळाले, आणि आजचे घरगुती बांधकामही तत्त्वतः त्याच वाटेने जाते : प्लायचा उभा कणा, त्यावर ठरावीक अंतरावर आडव्या बरगड्या, वरखाली पाउलोनिया किंवा सीडरसारख्या हलक्या लाकडाच्या सुमारे पाव इंच जाडीच्या फळ्या, आणि कडांना एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या. आकाराचा निर्णय कागदावरच होऊन जातो. फळी बसल्यावर जास्त रंधा मारला तर ती आरपार कापली जाते, त्यामुळे ‘पुढे बघू’ म्हणण्याची सोय इथे नाही. क्लॅम्प मात्र कितीही असले तरी दोन कमीच पडतात. ज्यांना सुतारकामात रस आहे त्यांना हे महिने आनंदाचे जातील; ज्यांना लवकर पाण्यात उतरायचे आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

रेझिनची वेळ

पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते घट्ट करणारा एमईकेपी हा कॅटॅलिस्ट साधारण एक ते दोन टक्के घालतात. हवा उष्ण असेल तर कमी, थंड असेल तर जास्त. रेझिन किती मिनिटांत घट्ट होणार हे आपण ठरवू शकतो, हा त्याचा मोठा गुण. ते अदमासाने ठरवावे लागते, हा तेवढाच मोठा दोष. माझ्या पहिल्या बोर्डाच्या वेळी सकाळच्या गारव्यात मोजलेले प्रमाण मी दुपारी तसेच वापरले. वरचा भाग भिजवून झाला, एका बाजूचे लोंबते कापड कडेखाली दुमडून झाले, आणि दुसऱ्या बाजूला वळलो तोवर बादलीतले रेझिन दह्यासारखे झाले होते. चार फुटांची कड कोरडी, कापडाचे धागे पांढरे दिसणारे, आणि स्क्वीजी (रेझिन पसरवायची पट्टी) फिरवावी तिथे रेझिनच्या गुठळ्या कापडाला ओढत नेत होत्या. तो सारा पट्टा वाळल्यावर कापून काढावा लागला.

यावर उन्हात घट्ट होणारे पॉलिएस्टर हा एक तोडगा आहे. सावलीत निवांत काम करावे, मग बोर्ड उन्हात न्यावा; काही मिनिटांत तो घट्ट होतो. पण त्यात दाट, अपारदर्शक रंग मिसळला की प्रकाश खोलवर पोचत नाही आणि आतला थर कच्चा राहतो. शिवाय स्टायरीनचा उग्र वास दोन्ही प्रकारांत आहेच. सेंद्रिय वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क आणि डोळ्यांना चष्मा यांशिवाय हे काम करूच नये. एमईकेपीचा एक थेंबही डोळ्याला कायमची इजा करू शकतो. राहत्या घराला लागून असलेल्या बंद खोलीत पॉलिएस्टरचा विचारही करू नये.

इपॉक्सीचे वागणे याच्या उलट आहे. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण ठरलेले असते, अनेकदा आकारमानाने दोनास एक, आणि घाई आहे म्हणून हार्डनर वाढवता येत नाही. तसे केल्यास थर कायमचा चिकट राहतो. काम करायला मात्र भरपूर अवधी मिळतो. भांड्यात तसेच ठेवलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने धूर सोडण्याइतके तापते, म्हणून ते लगेच कापडावर ओतून पसरवायचे असते. वास सौम्य आहे याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा नाही : उघड्या त्वचेवर वारंवार लागले तर ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की बहुधा जात नाही.

थर्माकोलच्या बाबतीत एक धडा वेगळा शिकावा लागतो. दाण्यांमधली हवा तापली की बाहेर येते. दिवस चढत असताना रेझिन लावले तर कापडाखालून बारीक बुडबुडे उठत राहतात, दाबून बसवले की पुन्हा उठतात. तेच काम संध्याकाळी, तापमान उतरू लागल्यावर केले तर हवा आकसते आणि रेझिन आत ओढले जाते.

शेवटचा हात

कापडाचा थर घट्ट झाल्यावर त्यावर रेझिनचा जो दुसरा हात देतात त्याला हॉट कोट म्हणतात. पॉलिएस्टरमध्ये यासाठी मेण मिसळलेले रेझिन वापरतात. मेण वर येऊन हवा अडवते, म्हणून पृष्ठभाग कडक होतो आणि घासता येतो. मेणाशिवाय दिलेला हात चिकट राहतो आणि पॉलिश पेपर दोन मिनिटांत भरून जातो. इपॉक्सीला मेण लागत नाही, पण ती पुरती पक्की व्हायला आठवडाभर लागू शकतो. तिसऱ्या दिवशी अधीर होऊन घासायला घेतल्यास पेपरावर रबरासारख्या गोळ्या जमतात. इपॉक्सीवर कधी कधी तेलकट साय येते. ती आधी पाण्याने धुऊन काढली नाही तर वरचा हात धरत नाही.

घासण्यात खरा धोका कडेवर असतो. सपाट भागावर यंत्र समतोल चालते, पण गोलाईवर सारा दाब एका रेघेत येतो आणि हॉट कोट संपून कापडाची वीण उघडी पडते. ती आधी फिकट जाळीसारखी चमकते. ती दिसताच थांबावे आणि कडा हातानेच घासाव्यात. लाँगबोर्डावर आरशासारखी चमक हवी असेल तर ग्लॉस कोट (चमकीसाठी रेझिनचा शेवटचा हात) देऊन 400, 600, 800 असे बारीक पेपर पाण्याबरोबर फिरवून पॉलिश करावे लागते. या खेळात पॉलिएस्टर निर्विवाद पुढे आहे : ते कडक होते, सहज झिजते आणि खोल चमक धरते. रेझिनमध्येच रंग मिसळून, वरच्या बाजूला चिकटपट्टीने आखलेल्या रेघेवर अर्धवट घट्ट झालेले कापड ब्लेडने कापण्याची जुनी पद्धतही पॉलिएस्टरमध्ये अधिक नेटकी उतरते. चमकीचा हव्यास नसेल तर नुसते बारीक घासून सोडलेला बोर्डही पाण्यात तितकाच चांगला चालतो आणि वजनाने थोडा हलका राहतो.

लाकडाला यातले बरेच लागत नाही. पातळ कापड, पारदर्शक इपॉक्सी आणि वर उन्हापासून बचावासाठी जहाजी वॉर्निशचे दोन-तीन हात पुरेत. लाकडाचे रेषे आपले काम करतात. मात्र सांध्यातून निघालेला सरसाचा एखादा ओघळ आधी नीट खरवडला नसेल, तर तो इपॉक्सीखाली डागासारखा कायम दिसत राहतो.

पाण्यात आणि नंतर

नऊ फुटी पॉलियुरेथेन बोर्ड साधारण सात-आठ किलो भरतो, थर्माकोलचा त्याहून हलका, तर पोकळ लाकडी बोर्ड बारा किलोंच्या आसपास जाऊ शकतो. वजन म्हणजे दोषच असे नाही. जड बोर्ड लाटेवर एकदा चालू लागला की मधले सपाट पाणी सहज ओलांडतो आणि वाऱ्याने उठलेल्या खडबडीत पाण्यावर थरथरत नाही. हलका बोर्ड वळवायला आणि वाहून न्यायला सोपा. थर्माकोलला ठोकर लागून खड्डा पडला तर पाणी दाण्यांमधून दूरवर झिरपते, म्हणून लगेच पाण्याबाहेर यावे लागते. तापलेल्या गाडीत ठेवल्यास त्याचा पापुद्राही सुटू शकतो. पोकळ बोर्डाला झडप हवीच, कारण उन्हात आतली हवा फुगून सांधे उकलतात. झडप पाण्यात शिरताना घट्ट आणि बाहेर आल्यावर उघडी.

पहिलाच बोर्ड असेल आणि कामाची जागा घराजवळ असेल, तर पॉलियुरेथेनचा ब्लँक आणि इपॉक्सी ही जोडी मी सुचवेन : फोम चुका खपवतो, रेझिन वेळ देते, आणि बुडबुड्यांचा त्रास थर्माकोलइतका होत नाही. हवेशीर, स्वतंत्र शेड असेल आणि रंगीत, चकाकता जुन्या धर्तीचा बोर्ड मनात असेल तर पॉलिएस्टर घ्यावे, पण आधी उरलेल्या तुकड्यावर त्याच तासाच्या हवेत प्रमाण तपासावे. थर्माकोल दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डासाठी ठेवावा. आणि जे काही निवडाल त्याची नोंद बोर्डाच्या स्ट्रिंगरवर पेन्सिलीने करून ठेवावी, कारण पॉलिएस्टरवर इपॉक्सीची डागडुजी चांगली धरते, पण पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही, आणि दोन वर्षांनी नुसत्या डोळ्यांनी त्यातले कोणते हे ओळखता येत नाही.