रबाळ्याचा सर्व्हर आणि पर्कसीएलआय: बसवण्यापासून डिस्क बदलण्यापर्यंत

डेलचा पॉवरएज सर्व्हर, त्यावर एकाच खोक्यात अनेक व्हर्च्युअल मशिनं चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय आणि आत अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं पर्क रेड कार्ड, असा संसार ज्यांच्याकडे आहे त्यांनी पर्कसीएलआय, म्हणजे त्या कार्डाशी कमांड लाइनवरून बोलणारं टूल, आजच बसवून घ्यावं. आज म्हणजे सगळं सुरळीत चालू असताना. हे आधीच सांगते, कारण बहुतेकांना या टूलची आठवण डिस्क कुरकुरायला लागल्यावर होते, आणि त्या दिवशी होस्टला, म्हणजे ईएसएक्सआय चालवणाऱ्या त्या सर्व्हरला, हात लावायला कोणी धजत नाही.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कंपनीत आयटी सांभाळते. कळव्याला राहते. सर्व्हर एकच आहे, पॉवरएज आर७४०, पर्क एच७३०पी कार्ड, आठ डिस्कचं रेड ५. टॅली, ईआरपी, हजेरीचं सॉफ्टवेअर, टूलरूमची वर्षानुवर्षांची ड्रॉइंग्ज, सगळं त्याच्यावरच्या व्हर्च्युअल मशिनमध्ये. सर्व्हर रूम म्हणजे स्टोअरशेजारची काचेची खोली, एक एसी, एक यूपीएस. मोठ्या कंपन्यांसारखा दुसरा होस्ट नाही, की एकावरची मशिनं दुसऱ्यावर ढकलली आणि काम उरकलं. त्यामुळे ह्या एका खोक्याची तब्येत मला रोजच्या रोज कळायला हवी.

अडचण अशी की ईएसएक्सआयला डिस्क दिसतच नाहीत. आठ डिस्क रेड कार्डाच्या मागे असतात आणि कार्ड त्यांची एक मोठी व्हर्च्युअल डिस्क करून पुढे ठेवतं. ईएसएक्सआयच्या वेब स्क्रीनवर तुम्ही कितीही शोधा, तिसऱ्या खणातल्या डिस्कवर वाचनाच्या चुका वाढताहेत हे तिथे सापडणार नाही. ते फक्त कार्डाला माहीत असतं, आणि कार्डाशी बोलायचं तर त्याचीच भाषा येणारं काहीतरी लागतं.

यावर कोणीही म्हणेल, मग डेलचं आयड्रॅक कशाला आहे? बरोबर आहे. आयड्रॅक सर्व्हरच्या बोर्डावरच असतं, होस्टवर काहीही न बसवता डिस्क, पंखे, पॉवर सप्लाय सगळ्यांची खबर देतं, आणि नुसती देखरेख करायची असेल तर मीही आधी त्याचंच नाव घेईन. पण मला कार्डाला कामं सांगायची होती आणि रोजचा अहवाल आपोआप हवा होता, आणि ते कमांड लाइनवर फार सुटसुटीत होतं. पूर्वी लोक डेलचंच ओपनमॅनेज सर्व्हर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बसवायचे, ते १३११ पोर्टवर उघडणारं पान अनेकांना आठवत असेल. ईएसएक्सआयवर त्याचा फक्त एक भाग बसायचा आणि वेब सर्व्हर वेगळ्या मशिनवर ठेवावा लागायचा. आता डेलनेच ते बंद करायचं जाहीर केलंय, तेव्हा नव्याने त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

पर्कसीएलआय हे मुळात ब्रॉडकॉमच्या स्टोरसीएलआयचं डेलच्या नावाचं रूप. पर्क कार्डं मूळची एलएसआयची. एलएसआय २०१४ मध्ये अव्हॅगोने घेतली, अव्हॅगोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव लावलं. टूल मात्र आजही होस्टवर एलएसआय नावाच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतं. आणि २२ नोव्हेंबर २०२३ पासून व्हीएमवेअरही ब्रॉडकॉमकडेच. म्हणजे कार्डाची चिप, टूल आणि खालचं ईएसएक्सआय, तिन्ही एकाच घरची.

आता बसवण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माणसं अडतात ती इथेच. ईएसएक्सआय हे लिनक्स नाही. दिसायला तसं वाटतं, पण त्याची मूळ फाइल सिस्टिम मेमरीत उभी राहते आणि कुठेही टाकलेली फाइल रीबूटनंतर राहीलच असं नाही. एखादं टूल टिकायचं असेल तर ते व्हिब, म्हणजे ईएसएक्सआयचं स्वतःच्या पद्धतीचं पॅकेज, म्हणून रीतसर बसवावं लागतं. ईएसएक्सआय ८ पासून तर नुसती फाइल कॉपी करून चालवू म्हटलं तरी चालत नाही. व्हिबमधून न आलेला प्रोग्रॅम होस्ट सरळ नाकारतो. मला हा बदल मनापासून आवडला. रॅन्समवेअरवाले होस्टवर आपला प्रोग्रॅम टाकून चालवतात, त्यांची वाट त्यामुळे अवघड होते.

डेलच्या सपोर्ट पानावर सर्व्हरचा सर्व्हिस टॅग (त्याचा ओळख क्रमांक) टाकून पर्कसीएलआय शोधायचं, आणि ईएसएक्सआयच्या आपल्या आवृत्तीसाठीचंच घ्यायचं. सातचं आठवर चालेल असं धरून चालू नका. उतरवलेली फाइल आधी आपल्या कॉम्प्युटरवर उघडायची, आतली रीडमी वाचायची, आणि मग व्हिब वेब स्क्रीनवरूनच डेटास्टोअरमध्ये चढवायचं. मग एसएसएच, म्हणजे दुरून होस्टवर कमांड देण्याची सोय, चालू करायची. त्यानंतर ईएसएक्ससीएलआयची, म्हणजे ईएसएक्सआयच्याच कमांड लाइनची, सॉफ्टवेअर व्हिब इन्स्टॉल ही कमांड. त्यात फाइलचा पाथ सुरुवातीच्या स्लॅशपासून पूर्ण द्यावा लागतो. फक्त नाव दिलं तर होस्ट ती फाइल भलत्याच, लॉगच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि सापडली नाही म्हणतो. समोर फाइल दिसत असताना हा निरोप आला की माणूस चक्रावतो. सुटी व्हिब फाइल असेल तर उणे व्ही, झिपमधला बंडल असेल तर उणे डी. आधी ड्राय-रन लावून बघावं. काय बसणार, काय निघणार आणि रीबूट लागणार का, ते प्रत्यक्ष काही न बदलता समोर येतं. आमच्याकडे रीबूट लागणार नाही असंच उत्तर आलं. तरी मी काम शुक्रवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सगळी मशिनं रीतसर बंद करून आणि होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकूनच केलं. सर्व्हर एकटा असला की इतकी काळजी घ्यावीच.

एका गोष्टीवर मात्र मी कोणाशीही भांडायला तयार आहे. आमच्याकडे पूर्वी एएमसीवर येणाऱ्या एका कंपनीच्या इंजिनिअरने मला फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, एरर आला तर फोर्स लावा, सही तपासू नको म्हणून सांगा, बसतं." नाही. ईएसएक्सआय प्रत्येक व्हिबची पातळी बघतं. व्हीएमवेअर सर्टिफाइड, व्हीएमवेअर अ‍ॅक्सेप्टेड, पार्टनर सपोर्टेड, कम्युनिटी सपोर्टेड अशा चार पायऱ्या आहेत आणि होस्ट मुळात पार्टनर सपोर्टेडवर ठेवलेला असतो. त्याखालचं तो घेत नाही. जबरदस्तीने डिजिटल सही नसलेलं व्हिब घुसवलं आणि नंतर सुरू होताना सह्या तपासणारं सिक्युअर बूट चालू असेल, तर पुढच्या रीबूटला होस्ट जांभळा पडदा दाखवून थांबू शकतो. त्या दिवशी कारखान्याचं डिस्पॅच थांबतं, चलनं निघत नाहीत, गेटवर टेम्पो उभे राहतात. निर्मात्याकडून आलेलं योग्य आवृत्तीचं पॅकेज असेल तर फोर्सची गरजच पडू नये, आणि पडत असेल तर पॅकेज चुकीचं आहे.

बसल्यावर पहिली कमांड कंट्रोलर शून्यची माहिती मागणारी. एका पानावर सगळं येतं: कार्ड, फर्मवेअर, व्हर्च्युअल डिस्क, आठही डिस्क आणि प्रत्येकीची स्थिती. ओएनएलएन म्हणजे चालू, आरबीएलडी म्हणजे पुन्हा बांधणी सुरू, यूबॅड म्हणजे गेली. एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक डिस्कची पूर्ण माहिती मागा, तिथे खरा मुद्देमाल आहे: मीडिया एररची (वाचन-लेखनातल्या चुकांची) संख्या, प्रेडिक्टिव्ह फेल्युअरची (डिस्क लवकरच जाईल अशा इशाऱ्यांची) संख्या, सीरियल नंबर, तापमान. शेवटी एक जे अक्षर जोडलं की हेच सगळं जेसनमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशा रूपात, मिळतं. मी एका छोट्या लिनक्स मशिनवरून रोज पहाटे ते ओढून घेते आणि मीडिया एरर वाढले तरच मेल येईल असं करून ठेवलंय. होस्टच्याच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) हे बसवायला जाऊ नका, रीबूटनंतर ती ओळ उडते.

असाच एक मेल आला पावसाळ्यात. रस्त्यावर पाणी, गाड्या रखडलेल्या, मी घरी. खण ३ मधल्या डिस्कवरचे मीडिया एरर चढायला लागले होते, पण कार्डाने तिला अजून बाद ठरवलं नव्हतं. म्हणजे सर्व्हरसमोर उभ्या माणसाला आठही दिवे हिरवेच दिसणार. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी निभावतं, दुसरी गेली की सगळं गेलं. चुकीची डिस्क ओढली जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. बदलायची डिस्क कपाटात तयार होती. मी व्हीपीएनने आत शिरले, रात्रीचा बॅकअप पूर्ण झालाय आणि उघडतोय हे पाहिलं, उरलेल्या सातही डिस्कचे आकडे शून्य आहेत याची खात्री केली, मगच मेंटेनन्सच्या काकांना फोन लावला.

"काका, सर्व्हर रूममध्ये आहात ना? दार उघडून फक्त समोर उभे राहा. अजून हात लावू नका."

"उभाय ताई. सगळे हिरवे आहेत हो."

मी स्टार्ट लोकेट, म्हणजे डिस्कचा दिवा लुकलुकवणारी कमांड, दिली: एन्क्लोजर ३२, खण ३.

"हां, आता एक वेगळा लुकलुकायला लागला. खालच्या रांगेतला. भराभरा, सेकंदाला दोनदा."

स्टॉप लोकेट.

"थांबला."

पुन्हा स्टार्ट.

"तोच. तोच परत."

काकांनी त्या खणाला चिकटपट्टी लावली. मग मी डिस्क ऑफलाइन केली, त्यांना खटका दाबून ती थोडी बाहेर ओढायला सांगितली, चकती फिरायची थांबेपर्यंत थांबायला लावलं आणि मग पूर्ण काढून लेबलवरचा सीरियल नंबर वाचायला सांगितला. माझ्या स्क्रीनवरच्या नंबराशी तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. नवी डिस्क आत गेली आणि कार्डाने आपणहून बांधणी सुरू केली. शो रीबिल्ड दिलं की किती टक्के झालं आणि अजून किती वेळ लागेल ते दिसतं. बांधणीचा वेग कार्डावर मूळ ३० टक्के ठेवलेला असतो. दिवसा ईआरपीवाले काम करत असताना मी तो तसाच राहू दिला आणि सगळे घरी गेल्यावर वाढवला. यासाठी लागते एकच ओळ, आणि ती होस्ट चालू असतानाच चालते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. पर्क कार्डावर कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी) सांभाळायला बॅटरी असते. ती मेली की कार्ड जपून वागायला लागतं: आधी कॅशमध्ये घेऊन मग लिहिण्याऐवजी प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहितं. डेटा सुरक्षित राहतो, पण सगळं जड होतं. मग अकाउंट्समधून फोन येतात, टॅली अडकतंय, एन्ट्री सेव्ह होत नाही. नेटवर्क तपासलं जातं, अँटिव्हायरस बंद करून बघितलं जातं, नवी रॅम मागवायचा विषय निघतो. बीबीयूची, म्हणजे ह्याच बॅटरीची, स्थिती मागणारी कमांड दिली तर खरं कारण लगेच समोर येतं. निव्वळ ह्या एका माहितीसाठी सुद्धा हे टूल बसवण्यासारखं आहे.

उणं काय? शिकायला वेळ लागतो. मदतीचं पान लांबलचक आहे पण नवख्याला वाट दाखवत नाही. संक्षेप पाठ करावे लागतात. आणि ज्या कमांडने डिस्कचा दिवा लुकलुकवता येतो, तिचीच दुसरी रूपं पूर्ण व्हर्च्युअल डिस्क पुसून टाकू शकतात, त्यामुळे हे ज्याच्या-त्याच्या हातात देऊ नये. मी रोज लागणाऱ्या मोजक्याच ओळी एका कागदावर छापून खोलीत लावल्यात आणि डिलीट, इनिशियलाइज असलं काहीही त्या कागदावर नाही. बसवण्याचं काम झाल्यावर एसएसएचही होस्टच्या फायरवॉलमधून रोजचा अहवाल ओढणाऱ्या त्या एका लिनक्स मशिनपुरतंच उघडं ठेवलंय. पाचपैकी चार गुण देईन, आणि कापलेला एक गुण त्या मदतीच्या पानासाठी.

पर्क १२ पिढीची नवी कार्डं असतील तर हे टूल उपयोगी नाही, त्यांच्यासाठी पर्कसीएलआय२ वेगळं आहे, आणि कमांडचा थाट तोच. एचपीईचा सर्व्हर असेल तर त्यांचं एसएसएसीएलआय वापरायचं. त्यांच्या स्वतःच्या ईएसएक्सआय इमेजने होस्ट बसवला असेल तर ते आत आधीच असतं. असेंबल केलेल्या सर्व्हरमध्ये ब्रॉडकॉमचं मेगारेड कार्ड असेल तर स्टोरसीएलआय. ईएसएक्सआय ७ चा नेहमीचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ज्यांचं आठवर जायचं राहिलंय त्यांनी अपग्रेडच्या आधी जुनं व्हिब काढून ठेवावं आणि आठसाठीचं पॅकेज आधीच उतरवून घ्यावं. अपग्रेड झाल्यावर पहिल्याच लॉगिनला ते बसवा, मग मशिनं चालू करा.