एकाच देवगिरीची दोन टोकं

नांदेड स्टेशनात देवगिरी एक्सप्रेस दिवसातून दोनदा येते. सकाळची सिकंदराबादकडं चाललेली असते, संध्याकाळची मुंबईकडं. गाडीचं नाव एकच, तोंड कुठल्या बाजूला आहे त्यावर तुमचा शनिवार-रविवार ठरतो.

माझ्या धाकट्या जाऊच्या लग्नाला सहा महिने झाले. देवदर्शनं झाली, जागरण-गोंधळ झाला, दोन्हीकडच्या मामा-मावशांकडं जेवणं झाली, पण दोघंच असे कुठं गेले नाहीत. परवा मेथी निवडता निवडता तिनं हळूच विचारलं, "ताई, दोनच दिवस मिळायलेत. हैदराबादला जावं का मुंबईला?" आम्ही दोघं हैदराबादला चारदा आणि मुंबईला दोनदा जाऊन आलोय. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. गोव्याचं नाव तिनंही काढलं होतं, पण नांदेडहून दोन दिवसांत गोवा म्हणजे समुद्राला शिवून परत फिरायचं. तो विषय मेथीच्या काड्यांबरोबरच टाकून दिला.

आधी वेळेचा हिशेब, कारण सगळे इथंच फसतात. नांदेड ते सिकंदराबाद रेल्वेनं पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर, नांदेड ते मुंबई सहाशेच्या वर. त्यामुळं हैदराबादेत जास्त वेळ मिळणार असं वाटतं, पण गणित उलटं आहे. शनिवारी सकाळी देवगिरीनं निघालात तर हैदराबादेत पोचेपर्यंत दुपार होते. रविवारी संध्याकाळी हैदराबादेतल्याच काचीगुडा स्टेशनावरून अजिंठा एक्सप्रेस धरली की रात्री उशिरा घरी. हातात पडतात जेमतेम 28 तास. मुंबईला शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारी सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला उतरायचं आणि रविवारी रात्री नऊच्या पुढं परतीची गाडी. म्हणजे मुंबईत अडतीसेक तास. लांबचं शहर दहा तास जास्त देतं.

पण हे दहा तास फुकट नाहीत. दोन रात्री गाडीत जातात आणि सोमवारी सकाळी नऊ-साडेनऊला तुम्ही अजून नांदेड स्टेशनावरच असता. माझी जिल्हा परिषदेची शाळा. सोमवारी परिपाठाला नसले तर गावात चर्चा. शिवाय शनिवारी आमची सकाळची शाळा असते, म्हणजे रेल्वेनं कुठंही जा, एक किरकोळ रजा जाणारच. नवरा बँकेत, त्याला दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा. हैदराबादला एक रजा पुरते, मुंबईला दीड-दोन लागतात. नोकरदार जोडप्यानं किलोमीटर मोजू नयेत, रजा मोजाव्यात.

वंदे भारतचं विचाराल तर ती ऑगस्ट 2025 पासून नांदेडहून सुटते, पहाटे पाचला. दुपारी मुंबई. गाडी झकास आहे, पण बसून जायची, आणि परतताना ती मुंबईहून दुपारीच निघते. रविवार तिच्यातच संपतो. कामाला जाणाऱ्यांना ठीक, फिरायला जाणाऱ्यांनी देवगिरीचाच बर्थ बघावा. स्वतःची गाडी असेल तर मात्र हैदराबाद एकदम जवळ येतं. देगलूरवरून संगारेड्डीकडं जाणारा 161 नंबरचा महामार्ग आता चांगला झालाय. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर निघालो तरी दिवे लागेपर्यंत आम्ही हैदराबादच्या गर्दीत असतो. त्या गर्दीचा तास वेगळा धरा.

आता शहरांकडं. हैदराबाद आपल्याला परकं वाटत नाही, आणि हाच त्याचा गुण आणि हाच दोष. 1956 पर्यंत आपली राजधानी तीच होती. आमचे आजोबा शेवटपर्यंत 'हैद्राबाद'च म्हणायचे आणि जमिनीच्या जुन्या कागदांवरचं उर्दू वाचून घ्यायला माणूस शोधायचे. चारमिनारजवळ रिक्षावाल्याशी बोलताना हिंदी आठवावी लागत नाही. 'नक्को', 'हौ', 'कायकू' हे आपल्या नांदेडच्या इतवाऱ्यातलंच बोलणं. भाव करताना तर ते फार कामाला येतं.

भाव कुठं करायचा? लाड बाजारात. चारमिनार 1591 सालचा, तो पाच मिनिटांत बघून होतो, पण त्याच्या पायथ्याशी सुरू होणारी ही बांगड्यांची गल्ली दोन तास सोडत नाही. लाख तापवून, वळवून, वर एकेक खडा चिकटवून केलेल्या बांगड्या. काही दुकानांत कारागीर समोरच बसलेला असतो. संध्याकाळी दिवे लागले की भिंतीच चमकायला लागतात. मुंबईतही झगमगाट आहे, पण तो लांबून बघायचा. हैदराबादचा झगमगाट पिशवीत घालून आणता येतो. पहिल्यांदा सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर सुरुवात करा आणि निघून जायचं सोंग एकदाच करा. दुसऱ्यांदा केलं तर ते खरंच जाऊ देतात. मोत्यांसाठी पत्थरगट्टीची दुकानं आहेत. तिथं पावती मागा, आणि पारख नसेल तर मोठा हार घेऊ नका.

खाण्याचं एक कलम बायकांनी आधीच तपासून ठेवावं: नवरा शनिवार पाळतो का? आमचा पाळतो. पहिल्या खेपेला सगळ्या शहरात बिर्याणीचा वास आणि हा मारुतीचा भक्त इडली खात बसलेला. तेव्हापासून शनिवारी इराणी चहा, उस्मानिया बिस्किट आणि दोसा, बिर्याणी रविवारी दुपारी. कच्च्या मटणाची, दम दिलेली खरी हैदराबादी बिर्याणी एक प्लेट मागवा, दोघांना पुरून उरते. वर खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूंचा गोड पदार्थ. त्यानंतर गोवळकोंडा चढायचा बेत करू नका, आम्ही केला होता. मध्येच एका पायरीवर बसून नवऱ्यानं मला 'तू पुढं हो' म्हटलं ते मी अजून विसरले नाही.

तरी गोवळकोंडा चुकवू नका, फक्त बिर्याणीच्या आधी ठेवा. फतेह दरवाज्याखाली एकानं टाळी वाजवायची आणि दुसऱ्यानं किल्ल्याच्या माथ्यावर, बालाहिसारवर, ती ऐकायला कान देऊन उभं राहायचं. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण जोडप्यासाठी यापेक्षा चांगला खेळ नाही. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणजे आपल्या दोन दिवसांत ते उघडंच सापडतं. नव्या हैदराबादचा थाट बघायचा तर रात्री दुर्गम चेरुवूचा दिव्यांचा केबल पूल. हुसेनसागरातला एकसंध दगडाचा बुद्ध 1992 साली उभा राहिला. बोटीतून जवळ जाता येतं, पण काही दिवशी तळ्याच्या पाण्याला वास येतो, तेव्हा रोमँटिक गप्पा बेतानं.

रामोजी फिल्म सिटी? सगळे हेच विचारतात. ती शहराबाहेर विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे आणि पूर्ण एक दिवस खाते. 28 तासांतले दहा तिला दिले तर हैदराबाद बघितलं असं म्हणू नका. फिल्मी सेटसमोर फोटो हेच स्वप्न असेल तर तेवढंच करा, बाकी सोडा. दोन्हीचा हट्ट धरलेली जोडपी रविवारी काचीगुडा स्टेशनावर एकमेकांशी न बोलता बसलेली मी बघितलीत.

मग हैदराबाद परकं न वाटण्याचा दोष कुठला? सांगते. तिसऱ्या खेपेला मी शनिवारची रजा पोटदुखीची घेतली होती. चारमिनारखाली हातात बांगड्यांची पिशवी, डोळ्यांवर नवा गॉगल, आणि समोर आमच्या केंद्रप्रमुखांची बायको. "बरं वाटायलंय का आता?" असं तिनं इतक्या प्रेमानं विचारलं की मला खरंच पोटात दुखायला लागलं. हैदराबादेत नांदेडचं कुणी ना कुणी भेटतंच. कुणी दवाखान्यात आलेलं असतं, कुणी लग्नाच्या खरेदीला. तिथं आपण जरा मोठ्या नांदेडातच फिरत असतो.

मुंबईत तुम्हाला कुणी ओळखत नाही, आणि मुंबईला जाण्याचं माझ्या लेखी हेच खरं कारण आहे. मरीन ड्राइव्हचा कठडा साडेतीन किलोमीटरच्या वर लांब आहे. संध्याकाळी त्यावर शेकडो जोडपी समुद्राकडं तोंड करून बसलेली असतात आणि कुणी कुणाकडं बघत नाही. माझा नवरा नांदेडला वजिराबादच्या बाजारात माझ्यापुढं दहा पावलं चालतो. अकरा वर्षं मी त्याची पाठच बघत आलेय. त्या कठड्यावर त्यानं न विचारता माझा हात धरला आणि दिवे लागून किनाऱ्याची ती रत्नहारासारखी कमान पूर्ण उजळली तरी सोडला नाही. चणेवाला दोनदा येऊन गेला. दोन तास झाले, खर्च वीस रुपये. हैदराबादेत आम्ही पुष्कळ मजा केली, पण हे तिथं झालं नाही, होणारही नाही.

बाकी मुंबई महागात पडते ती खोलीत. आम्ही फोटोत समुद्र बघून खोली घेतली. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीचे पाइप आणि त्यावर कबुतरं. समुद्र दिसत होता, पण गच्चीवर जाऊन, टाचा उंच करून. हॉटेलचं नाव घेत नाही, तुम्ही मात्र खिडकीतून काढलेला फोटो मागवून घ्या. पैसे वाचवायचे म्हणून नवऱ्यानं आधी दुसरा मार्ग काढला होता: ओळखीनं आमदारांचं पत्र आणि आमदार निवासात खोली. मी हात जोडले. दोघांच्या सहलीला शेजारच्या खोलीत गावातले चार कार्यकर्ते आणि सकाळी दारावर "साहेब उठले का?" नको बाई. तसंच कल्याण-डोंबिवलीच्या मावशीकडं उतरणं. मावशी प्रेमळ असते, पण रात्री साडेनऊला फोन येतो, "पोळ्या टाकू का?"

दक्षिण मुंबईतच राहा आणि तिथंच फिरा, एवढा नियम पाळला तर 38 तास भरपूर आहेत. सीएसएमटीची इमारत बाहेर येऊन, मागं वळून नीट बघा. आपण तिच्या पोटातून घाईनं निघून जातो. शनिवारी सकाळी गेटवे, हवा चांगली असेल तर बोटीनं घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, आपल्याला अडचण नाही. पावसाळ्यात मात्र बोटीच्या भरवशावर बेत आखू नका. रविवारी लोकलनं लांब जाण्याचा विचार असेल तर आधी मेगाब्लॉक बघा, नाहीतर अर्धा दिवस फलाटावर जातो. आणि आपल्याकडच्या माणसानं एक करावंच: दादरला शिवाजी मंदिरात रविवारचं एखादं मराठी नाटक. नांदेडला नाटक येतं तेव्हा वर्तमानपत्रात बातमी होते, तिथं एकाच दिवशी निवडायला मिळतं. खाण्यात मालवणी थाळी. वडापावाचं कौतुक मी करणार नाही, तो आता आमच्या नांदेडजवळच्या लोह्यालाही चांगला मिळतो.

पैशांचं आमचं गणित असं: हैदराबादला दोघांचा सगळा खर्च बांगड्या धरून आठ हजारांच्या आत बसला, मुंबईला बांगड्या न घेता बारा-तेरा हजार गेले. फरक जवळजवळ सगळा खोलीभाड्याचा.

हा हिशेब नांदेडचा आहे, सगळ्या मराठवाड्याचा नाही. परभणीकरांना तो थोडाफार लागू पडतो. लातूरकरांना मुंबईची स्वतःची रात्रीची गाडी आहे आणि उदगीर-बीदरवरून हैदराबादही हाताशी, त्यांनी आलटून पालटून जावं. जालना आणि संभाजीनगरच्या माणसानं मात्र सरळ मुंबई धरावी. त्यांना ती आपल्यापेक्षा कितीतरी जवळ, आणि हैदराबादला जायचं तर अजिंठा एक्सप्रेसनं रात्र काढावी लागते.

तर कुणी कुठं जावं? नवं लग्न, घरात माणसं भरपूर, दोघांना निवांत बोलायला जागाच नाही, असं असेल तर मुंबई. एक रजा जास्त टाका, पण मुंबई. लग्नाला आठ-दहा वर्षं झालीत, खायची हौस आहे, खरेदी राहिलीय आणि सोमवारी वेळेवर कामाला लागायचंय, तर हैदराबाद. जानेवारीत जाणार असाल तर नामपल्लीला 1 जानेवारीपासून दीड महिना नुमाईश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरते, मग हैदराबादचं पारडं आणखी जड. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. देवगिरीचं आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळीच करा, दुपारी वेटिंग लागलेलं असतं.

जाऊबाईला मी एवढं सगळं सांगून मुंबईचंच सुचवलं. काल रात्री जेवणं झाल्यावर भावजींनी मोबाइल पुढं केला. जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळची देवगिरी, दोन बर्थ, सिकंदराबाद. आत ओट्यापाशी ही आपली गालात हसत भांडी पुसत होती.

"अगं, मी तर मुंबई म्हणाले होते ना?"

"ताई, तुम्ही बांगड्यांचं सांगितल्यावर पुढचं मला काही ऐकूच आलं नाही."

मग मीही वाद घातला नाही. माझं माप दोन-सहा आहे, हिरव्यात काही चांगलं दिसलं तर बघ म्हटलं.