स्किझोफ्रेनियासोबत ओसीडीपण (तेच तेच विचार येणं, तेच तेच करत राहणं आणि थांबवता न येणं हा आजार) असेल तर इथे नक्की दाखवा

माझ्या दादाला बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापीन ही त्यावरची गोळी सुरू झाल्यावर आवाज ऐकू येणं खूप कमी झालं, घरात सगळ्यांना हायसं वाटलं, पण काही महिन्यांनी वेगळंच सुरू झालं, गॅसचं बटण सारखं बघायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि मध्येच कोणी हाक मारली की परत पहिल्यापासून. आधीच्या डॉक्टरांना सांगितलं तर आजार वाढलाय म्हणून त्यांनी डोस वाढवला, धुणं अजूनच वाढलं.

मग या दवाखान्यात आलो. इथल्या डॉक्टर मॅडमनी मला बाजूला ठेवून थेट दादालाच विचारलं, हात धुवा असं आवाज सांगतो का, की नाही धुतले तर तुम्हालाच चैन पडत नाही? दादा म्हणाला, आवाज नाही, हात स्वच्छ आहेत हे कळतं मला, पण राहवत नाही. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं हो!

मग त्यांनी नीट समजावलं. स्किझोफ्रेनियाच्या 100 पेशंटपैकी साधारण 10-12 जणांना ओसीडीपण असतो, आणि क्लोझापीनमुळे काहींना तो नव्याने सुरू होतो किंवा वाढतो. पण म्हणून गोळी एकदम बंद नाही करायची, स्वतःच्या मनाने तर अजिबातच नाही, आवाज परत येऊ शकतात. त्यांनी डोस हळूहळू थोडा कमी केला आणि ॲरिपिप्राझोल नावाची दुसरी गोळी जोडली. ओसीडीची फ्लुवोक्सामिन ही गोळी का नाही दिली तेपण सांगितलं, तिच्यामुळे रक्तात क्लोझापीनचं प्रमाण कितीतरी पट वाढू शकतं. क्लोझापीनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे बघायला सीबीसीचा (रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवल्याशिवाय क्लोझापीन लिहून देत नाहीत, काहींना कटकट वाटेल पण ते गरजेचंच आहे.

थेरपिस्टपण इथेच बसतात. गॅस एकदाच बघायचा आणि स्वयंपाकघरातून बाहेर यायचं, जीव घाबरला तरी थोडं थांबायचं, एवढ्यापासून सुरुवात केली, आणि दादाला झेपेल तेवढंच. आईला सांगितलं, गॅस बंद आहे ना असं त्याने दहादा विचारलं तर दहादा हो म्हणत बसू नका. तिला ते फार जड गेलं, अजून जातं. धुणं पूर्ण थांबलेलं नाही, पण दादा आता सगळ्यांसोबत जेवायला बसतो, आधी आमची जेवणं आटपायची तरी तो बेसिनपाशीच असायचा.

वेटिंग खूप असतं, अपॉइंटमेंट असून तासभर जातोच, आणि बसायची जागा लहान आहे, गर्दीचा त्रास होणाऱ्या पेशंटसाठी काहीतरी करायला हवं. जुनी प्रिस्क्रिप्शन्स सगळी घेऊन जा, कुठली गोळी कधी सुरू झाली आणि ओसीडी कधी दिसला हे मॅडम तारखा लावून बघतात.