चंडीगडच्या खुर्च्या आणि खऱ्या इतिहासाच्या आडून झालेली फसवणूक

चंडीगडच्या सरकारी कचेरीतून लिलावात निघालेल्या अस्सल खुर्च्या, असे सांगून मला दोन खुर्च्या दोन लाख ऐंशी हजार रुपयांना विकण्यात आल्या आणि त्या अलीकडेच घडवलेल्या असल्याचे नंतर उघड झाले. विक्रेत्याने इतिहास सांगताना जवळजवळ काहीही खोटे सांगितले नव्हते, म्हणूनच हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

फाळणीनंतर पंजाबच्या नव्या राजधानीचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा १९५१ साली वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याबरोबर त्यांचे नात्यातील भाऊ आणि जुने सहकारी पिएर जानरे चंडीगडला आले. कॉर्बुझिए येऊन-जाऊन असत. जानरे मात्र १९६५ पर्यंत तिथेच राहिले आणि पुढे त्यांच्या अस्थीही तिथल्याच सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ अशा इमारतींसाठी हजारोंनी लाकडी सामान लागणार होते. जानरे आणि युली चौधरी यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सागवान, शिसम आणि वेत यांतून आखले आणि स्थानिक सुतारांनी ते घडवले. कर्कटकासारखे फाकलेले पाय, त्यांवर टेकलेले रुंद हात आणि हवा खेळती ठेवणारी वेताची बैठक एवढेच त्या खुर्चीचे सारे वैभव आहे. पण कारकुनाच्या रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूत इतका डौल क्वचितच आढळतो. पुढे हे सामान मोडकळीस आले, गच्चीवर ढीग लागले, भंगाराच्या भावाने लिलाव झाले आणि परदेशी व्यापाऱ्यांनी ते दुरुस्त करून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या बाजारात नेले. तिथे एकेका खुर्चीला लाखो रुपये मिळू लागल्यावर इकडे जाग आली आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-सामानाच्या विक्रीला व निर्यातीला मनाई केली.

हे सगळे विक्रेत्याला पाठ होते आणि प्रत्येक शंकेवर त्याने यातलेच एक सत्य पुढे केले. दोन्ही खुर्च्यांच्या हातांची जाडी वेगळी का, तर सामान वेगवेगळ्या कारखान्यांत हाताने घडवले गेले म्हणून. वेत नवा का, तर जुना टिकतच नाही, तो बदलावाच लागतो. निर्मात्याची खूण कुठे आहे, तर सरकारी सामानावर तशी खूण कुणी करत नसे. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत आणि तिन्ही उत्तरे बनावट खुर्चीलाही तितकीच लागू पडतात. मनाईचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याने २०११ च्या आधीच्या लिलावाच्या कागदाची छायाप्रत दाखवली. तिच्यावर ‘जुन्या लाकडी खुर्च्या’ आणि नगांची संख्या एवढाच उल्लेख होता. लिलाव झाला होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. माझ्यासमोरची खुर्ची त्या ढिगात होती, हे नव्हे.

एका खुर्चीचा सांधा हलू लागला म्हणून आमच्या ओळखीच्या सुतारकाकांना बोलावले. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि बैठकीच्या चौकटीवर खालून बोट फिरवले. तिथे बिजागरीसाठी पटाशीने पाडलेली खाच होती. लाकडाचा तुकडा बसवून, भोवती भुसा आणि फेविकॉल भरून ती बुजवली होती. “साहेब, हे दाराच्या चौकटीचं लाकूड आहे,” ते म्हणाले. म्हणजे सागवान खरोखरच जुने होते, फक्त ते पाडलेल्या एखाद्या वाड्याचे किंवा चाळीचे होते. लाकडाच्या वयावरून खुर्चीचे वय ठरवू नये ते याचसाठी.

पाठीमागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात खात्याची अक्षरे आणि क्रमांक होता. भिंगातून पाहिले, तर तो रंग ओरखड्यांच्या आत उतरलेला दिसला. क्रमांक जुना असता, तर नंतर पडलेल्या ओरखड्यांनी तो कापला गेला असता. इथे आधी ओरखडे काढून मग त्यांवर अंक रंगवले होते. घेणाऱ्याला दुकानात, दोन मिनिटांत करता येईल अशी ही एकच तपासणी मला ठाऊक आहे. तिच्यातून खुर्ची सुटली म्हणजे अस्सल ठरली असे मात्र नाही.

बिलावर ‘चंडीगड शैलीची सागवानी खुर्ची, नग २’ असे लिहिले होते. दुकानात ‘शैली’ हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता. सुदैवाने ‘ओरिजिनल, हायकोर्टमधल्या’ असे विक्रेत्याने स्वतः पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश माझ्याकडे आहेत आणि त्यांच्याच आधारावर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही अशी तक्रार करता येते, पण ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. ज्यांच्याकडे असे संदेश नाहीत, त्यांनी पैसे देण्यापूर्वीच मूळ इमारत, अंदाजे काळ आणि ‘प्रतिकृती नाही’ हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत; विक्रेता का-कू करू लागला, तर प्रतिकृतीचाच भाव द्यावा. उत्तम प्रतिकृती उघडपणे, या किमतीच्या लहानशा अंशात मिळतात आणि बसायला त्या तितक्याच सुखाच्या असतात.

नोटीस पोहोचल्यावर विक्रेत्याने अर्धी रक्कम परत करण्याची तयारी दाखवली. त्यासाठी अट अशी होती, की खुर्च्या अस्सल असल्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, असे मी सहीनिशी लिहून द्यावे. तसा कागद पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला जाणार, हे उघड असल्याने मी नकार दिला असून प्रकरण आयोगापुढे सुरू आहे.