फुकटचा हायपरव्हायझर निवडताना: प्रॉक्समॉक्स, एक्ससीपी-एनजी, ईएसएक्सआय की हायपर-व्ही?

समोर एक सर्व्हर आहे असं धरू. दोन प्रोसेसर, प्रत्येकी 12 कोअर, 128 जीबी रॅम, चार एसएसडी. त्यावर सहा-सात व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत. दोन विंडोज सर्व्हरची, बाकीची लिनक्सची. हायपरव्हायझरवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अशी अनेक मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, मात्र एक पैसाही घालवायचा नाही. हा सर्व्हर डोळ्यासमोर राहू द्या, पुढचे सगळे हिशेब त्याच्यावरच करणार आहे.

फुकट म्हणजे कुणाच्या भरवशावर?

व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं मिळत होती. नोंदणी करायची, परवान्याची की घ्यायची, टाकायची, विषय संपला. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी 2024 मध्ये मोफत आवृत्ती बंद झाली आणि एप्रिल 2025 मध्ये 8.0 अपडेट 3ई सोबत ती परत आली. आता परवाना आतच बसवलेला असतो, वेगळी की लागत नाही. चांगलंच आहे. पण मधलं सव्वा वर्ष विसरायचं कसं? हे मालकाच्या मर्जीवरचं फुकट. घरमालकाने सांगितलं की खोली रिकामी करायची.

प्रॉक्समॉक्स आणि एक्ससीपी-एनजीचं तसं नाही. प्रॉक्समॉक्स व्हीई व्हिएन्नातल्या कंपनीचं, 2008 पासूनचं, एजीपीएल या मुक्त परवान्याखालचं. डेबियन लिनक्सवर उभं, आत केव्हीएम (पूर्ण व्हर्च्युअल मशीनसाठी) आणि लिनक्स कंटेनर (हलक्या, वेगळ्या कप्प्यांसाठी) दोन्ही. उद्या कंपनीचं मन बदललं तरी आज बाहेर पडलेला कोड परत घेता येत नाही. एक्ससीपी-एनजीचा जन्म तर अशाच मन बदलण्यातून झाला. डिसेंबर 2017 मध्ये सिट्रिक्स कंपनीच्या झेनसर्व्हर 7.3 या हायपरव्हायझरच्या मोफत आवृत्तीतून बऱ्याच सोयी काढून घेतल्या गेल्या, आणि 2018 मध्ये फ्रान्समधल्या वेट्स कंपनीच्या लोकांनी त्याच मुक्त कोडवरून एक्ससीपी-एनजी उभं केलं.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं फुकट म्हणजे तळाशी उरलेलं. हायपर-व्ही सर्व्हर 2019 ही शेवटची मोफत स्वतंत्र आवृत्ती, 2022 ची काढलीच नाही. सुरक्षा अपडेट जानेवारी 2029 पर्यंत मिळतील. नव्या सर्व्हरवर आज ते टाकणं म्हणजे संपत आलेल्या भाडेकरारावर घर थाटणं. विंडोज सर्व्हरमधला हायपर-व्ही रोल ही वेगळी गोष्ट, तिच्याकडे लायसन्सच्या हिशेबात येतो.

इन्स्टॉल करताना

आधी बायोसमध्ये जाऊन इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रोसेसरमधली सोय) चालू आहे का ते बघा. सर्व्हरवर सहसा असतं, जुन्या डेस्कटॉपवर हमखास बंद असतं. हे चौघांनाही लागू.

ईएसएक्सआयचं इन्स्टॉलेशन सगळ्यात सुटसुटीत. एफ11 दाबून अटी मान्य, डिस्क निवडा, रूट पासवर्ड, पुन्हा एफ11, रीबूट. समोर पिवळा-राखाडी स्क्रीन आणि त्यावर आयपी पत्ता. अर्थात हार्डवेअर त्याच्या यादीतलं असेल तर. रिअलटेकचं नेटवर्क कार्ड असेल तर मूळ इन्स्टॉलर "नेटवर्क अडॅप्टर सापडला नाही" म्हणून तिथेच हात वर करतो. दुसरी गोष्ट, त्यात सॉफ्टवेअर रेड नाही (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी बिघडली तरी डेटा राखणं). म्हणजे आपल्या चार एसएसडींसाठी मान्यताप्राप्त रेड कार्ड हवं, नाहीतर चार सुट्या डिस्क. फुकटच्या हायपरव्हायझरसाठी विकतचं रेड कार्ड, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये इन्स्टॉलरच्या पहिल्या काही स्क्रीनवरच 'ऑप्शन्स'चं बटण असतं. घाईत लोक ते सोडून पुढे जातात आणि मग अख्खी सिस्टीम एका डिस्कवर बसते. तिथे झेडएफएस रेड10 निवडा, चारही एसएसडी टिक करा. झेडएफएस ही रेड आतच असलेली फाइल सिस्टीम आहे. रेड कार्ड असेलच तर ते आधी एचबीए मोडमध्ये (कार्ड स्वतः रेड न करता डिस्क सुट्या दाखवतं) टाका, झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात. 8.1 पासून इन्स्टॉलर झेडएफएसच्या कॅशला रॅमच्या 10 टक्क्यांची आणि जास्तीत जास्त 16 जीबीची मर्यादा घालतो, म्हणजे आपल्या सर्व्हरवर साधारण 13 जीबी. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आला असाल तर ती मर्यादा निम्म्या रॅमची असू शकते, तपासून घ्या. आणि साध्या घरगुती एसएसडी इथे लवकर झिजतात.

मग ब्राउझरमध्ये पोर्ट 8006 वर लॉगिन. स्वागतालाच एक चौकट येते: तुमच्याकडे वैध सबस्क्रिप्शन नाही. नवखे इथे दचकतात. त्यात अपडेटचं बटण दाबलं की 401 चा एरर, त्यामुळे फुकट आवृत्ती अडवली आहे असा समज होतो. तसं काही नाही. सुरुवातीला एंटरप्राइझ रिपॉझिटरी चालू असते आणि ती पैसे भरणाऱ्यांसाठी असते. नोडवर (म्हणजे यादीतल्या आपल्या सर्व्हरवर) 'अपडेट्स'खाली 'रिपॉझिटरीज' उघडा, एंटरप्राइझच्या नोंदी बंद करा (सेफ या स्टोरेज सॉफ्टवेअरचीही), 'नो-सबस्क्रिप्शन' जोडा. झालं. सगळ्या सोयी तशाच मिळतात. फरक इतकाच की इथली पॅकेजं एंटरप्राइझइतकी मुरलेली नसतात. ती चौकट घालवायच्या स्क्रिप्टही फिरतात. मी ओके दाबतो. दिवसातून एकदा ओके दाबायचे कष्ट मला झेपतात.

एक्ससीपी-एनजीचा इन्स्टॉलर जुन्या वळणाचा, अक्षरी स्क्रीनचा, पण सरळ. स्टोरेज विचारेल तेव्हा ईएक्सटी घ्या. एलव्हीएम घेतलं तर डिस्कची पूर्ण जागा आधीच अडते आणि स्नॅपशॉटही तेवढीच खातात. खरा प्रश्न नंतर येतो: चालवायचं कशावरून? होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवरच, एक्सओ लाइट आहे, पण ते जुजबी. रोजच्या कामाला झेन ऑर्केस्ट्रा हे कारभाराचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते स्वतःच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये राहतं. वेट्सचं तयार अप्लायन्स घेतलं तर मोफत पातळीवर बॅकअप मिळत नाही. सोर्सवरून स्वतः बांधलं तर सगळं मिळतं, फक्त सपोर्ट नाही आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा बांधायचं काम आपलं.

हायपर-व्ही सर्व्हरवर लॉगिन केलं की समोर काळा स्क्रीन आणि एसकॉन्फिगचा आकड्यांचा मेनू. विंडोजच्या डोमेनमध्ये (एकाच जागेवरून खाती सांभाळणाऱ्या नेटवर्कमध्ये) असाल तर दुसऱ्या विंडोजवरून कारभार छान चालतो. डोमेन नसेल तर ट्रस्टेड होस्ट आणि फायरवॉलच्या परवानग्यांमध्ये दुपार जाते.

बॅकअपपाशी खरा फरक

मोफत ईएसएक्सआयमध्ये एका मशीनला आठच व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) देता येतात. लोक यावर भांडतात, पण आपल्या कामाला आठ पुष्कळ झाले. खरी अडचण ही की बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारा एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमने हायपरव्हायझरशी बोलायचा मार्ग) मोफत परवान्यात लिहिण्यासाठी बंद असतो. त्यामुळे हायपरव्हायझरच्या पातळीवरचा नेहमीचा बॅकअप होत नाही. प्रत्येक गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या मशीनमध्ये, बॅकअपचा एजंट टाका किंवा मशीन बंद करून एक्सपोर्ट करा. अनेक होस्ट एकत्र सांभाळणारं व्हीसेंटरही जोडता येत नाही. शिकायला ठीक आहे. ज्यावर कुणाची हिशेबाची वही चालते अशा मशीनसाठी मी हे घेणार नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये वेळापत्रक लावून एनएफएस शेअरवर (नेटवर्कवरच्या फोल्डरवर) बॅकअप काढायची सोय आतच आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे वेगळं, तेही फुकट उत्पादन 2020 पासून आहे. पहिल्या वेळी पूर्ण मशीन, नंतर फक्त बदललेले ब्लॉक. विंडोज मशीनमधली एखादीच फाइल परत हवी असेल तर बॅकअप उघडून तेवढीच काढता येते. फक्त तो बॅकअप सर्व्हर त्याच होस्टवर व्हीएम म्हणून ठेवू नका. हसू येईल, पण मी हे दोन ठिकाणी पाहिलंय. झेन ऑर्केस्ट्राचा बदलांपुरता बॅकअपही तितकाच पक्का आहे. एक गोष्ट लक्षात ठेवायची: जुन्या व्हीएचडी स्वरूपात एक व्हर्च्युअल डिस्क 2 टीबीपेक्षा मोठी होत नाही. मोठा फाइल सर्व्हर हलवणार असाल तर इथेच अडकाल. हायपर-व्हीला वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती चालते, 10 मशीनपर्यंत मोफत.

दुसरा सर्व्हर आला की

प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटाला, बहुमत (कोरम) लागतं. मी पहिल्यांदा दोनच नोड जोडले आणि रॅम वाढवायला एक बंद केला. दुसऱ्यावरची चालू मशीन चालत राहिली, पण बंद असलेलं एक सुरू करायला गेलो तर उत्तर आलं: कोरम नाही. दोनातलं एक म्हणजे बहुमत नव्हे, हे मला आधी कळायला हवं होतं. तिसरं मत देणारं छोटं क्यूडिव्हाइस कुठल्याही फालतू लिनक्स मशीनवर चालतं. एक्ससीपी-एनजीच्या पूलमध्ये (तिथल्या अशाच गटात) एक होस्ट मुख्य असतो, तिथे नुसत्या पूलसाठी मतदान नाही. दोन होस्ट असतील तर ते जास्त सोपं वाटतं.

एकाच सर्व्हरची चार मापं

आज फुकट वापरून उद्या सपोर्ट घ्यावासा वाटला तर? आपला दोन प्रोसेसर, 24 कोअरचा सर्व्हर प्रॉक्समॉक्सच्या हिशेबात 2, कारण ते सॉकेट मोजतात. वेट्सच्या हिशेबात 1, ते होस्ट मोजतात. व्हीएमवेअरच्या हिशेबात 32, कारण ते कोअर मोजतात आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान 16 धरतात. आहेत 24, बिल 32 चं.

मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात 24. आणि हे माप हायपरव्हायझर कुठलाही असला तरी लागू होतं, हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. हायपरव्हायझर फुकट आहे म्हणून आतलं विंडोज फुकट होत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचे सगळे 24 कोअर भरले की दोन विंडोज मशीनचा हक्क मिळतो. तिसरं हवं तर पुन्हा 24. मशीनला चारच व्हीसीपीयू दिलेत, हा युक्तिवाद नेहमीच्या कायम परवान्यात चालत नाही. वापरणाऱ्यांचे कॅल (सर्व्हर वापरायचे परवाने) वेगळेच. दोन सर्व्हर असून मशीन इकडून तिकडे हलणार असतील तर दोन्हींचे कोअर भरलेले हवेत, कारण परवाना एका होस्टवरून दुसऱ्यावर साधारणपणे 90 दिवसांतून एकदाच नेता येतो.

म्हणजे आपल्या दोन विंडोज मशीनसाठी स्टँडर्ड घ्यावंच लागणार, आणि त्यात हायपर-व्ही येतोच. होस्टवर फक्त व्हर्च्युअल मशीन सांभाळायचं काम असेल तर दोन्ही विंडोज मशीन त्याच परवान्यात बसतात. विंडोजमध्ये मुरलेल्या माणसाने मग दुसरीकडे जायचं कशाला?

मी स्वतः या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाकीन. लिनक्स मशीन जास्त आहेत, रेड कार्ड नाही, आणि बॅकअपला वेगळं काही बांधावं लागत नाही. पाच-सहा होस्ट आणि ते सगळे एकाच जागेवरून सांभाळायचे असते तर एक्ससीपी-एनजीकडे झुकलो असतो. लिनक्सचा टर्मिनल बघूनच घाम फुटतो अशांनी विंडोज सर्व्हर घ्यावा. मोफत ईएसएक्सआय त्यांच्यासाठी, ज्यांना नोकरीसाठी व्हीएमवेअर हाताखालून जायला हवं आहे.

जुन्या ईएसएक्सआयवरून येताना

प्रॉक्समॉक्समध्ये 8.2 पासून ईएसएक्सआयचा होस्ट थेट स्टोरेज म्हणून जोडता येतो आणि मशीन आत ओढता येतं. लिनक्स सहसा निमूट सुरू होतं. विंडोज मात्र व्हर्टआयओ डिस्कवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान डिस्क प्रकारावर) टाकलंत तर निळा स्क्रीन देईल, कारण त्याच्याकडे ड्रायव्हरच नाही. आधी डिस्क साटा म्हणून जोडा आणि मशीन सुरू करा. मग 1 जीबीची एक रिकामी व्हर्टआयओ डिस्क लावा, व्हर्टआयओच्या आयएसओवरून ड्रायव्हर टाका, ती डिस्क विंडोजला दिसली की मशीन बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या आणि बूटचा क्रम बघा. इतकं करूनही नेटवर्क लागणार नाही, कारण कार्ड नवं आहे. जुना स्थिर आयपी टाकायला गेलात की विंडोज म्हणेल, हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरकडे आहे. तो अडॅप्टर कुठेच दिसत नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'लपलेली उपकरणं दाखवा' करा, जुनं व्हीएमवेअरचं कार्ड फिकट रंगात सापडेल. ते काढून टाका, मग आयपी घ्या.