समुद्रातली पवनचक्की: तळात ठोकलेली की तरंगती?
तळात ठोकलेल्या चक्कीचा समुद्री जीवांना खरा त्रास ती उभारतानाच होतो. तिचा खांब तळात ठोकणाऱ्या अवजड हातोड्याचा एकेक घाव पाण्याखाली कित्येक किलोमीटर ऐकू जातो. पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा भाऊबंद आवाजाच्या आधारेच भक्ष्य शोधतो. बिचारा जागा सोडून पळतो. म्हणूनच जर्मनीत ७५० मीटर अंतरावर १६० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळायला खांबाभोवती तळावर भोकं पाडलेली नळी अंथरून हवा सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांचा पडदा आवाज बराच अडवतो. साधीच युक्ती, पण मोलाची.

तरंगत्या चक्कीला एवढी ठोकाठोक लागत नाही. स्कॉटलंडच्या समुद्रात २०१७ पासून अशा पाच चक्क्या साखळदंडांनी नांगरून ठेवल्या आहेत. पण साखळ्या हलल्या की तळ खरवडला जातो. शिवाय वाहत आलेली जाळी त्यांत अडकली, तर देवमासे गुंतण्याची भीती.

पात्यांवर पक्षी आदळण्याचा धोका दोन्हीकडे आहेच.

खोल पाण्यात मी तरंगतीच निवडेन, फक्त साखळ्यांची तपासणी नियमित हवी. उथळ पाण्यात मात्र ठोकण्यालाच पसंती मिळते. तिथे बुडबुड्यांच्या पडद्याशिवाय हातोडा उचलूच देऊ नये.